ख्रिस्ती विश्वास रोजच्या नात्यांत जगायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. प्रार्थना रोज होते, बायबल वाचन होतं, रविवारची उपासना चुकत नाही, पण घरात बायकोशी, भावाशी, ऑफिसात लोकांशी वागताना त्यातलं काहीच उतरत नाही, चिडचिड तीच, अबोला तोच, आणि बायको तर आता चर्चला यायचीच बंद झालीय, मग विश्वास नात्यांत जगायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. मी पाळक (पास्टर) नाही की थिऑलॉजी शिकलेला नाही, साधा मंडळीतला, म्हणजे चर्चमधला माणूस आहे. पण याच गोष्टीत बरीच वर्षं सपाटून मार खाल्लाय, त्यामुळे लिहितोय, थोडं लांबेल.

आधी माझीच गोष्ट सांगतो. वडिलांची किडनी गेली तेव्हा आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं, मंगळवार आणि शुक्रवार. एका वेळेला चार तास मशीनवर, जाणं-येणं धरलं तर अख्खा दिवस जातो. माझा दादा त्यांना घेऊन जायचा. दोन्ही दिवस. मी मंगळवारी संध्याकाळी कॉयरच्या, म्हणजे चर्चच्या गायकगटाच्या प्रॅक्टिसला असायचो, शुक्रवारी तरुण संघाची मीटिंग, आणि दिवसभर ऑफिस. ऑफिस दादालाही होतंच, तो सुट्ट्या टाकायचा, उशिरापर्यंत बसून काम भरून काढायचा. मी रोज सकाळी वडिलांसाठी प्रार्थना करायचो, आणि खोटं नाही सांगत, अगदी मनापासून करायचो, डोळ्यांत पाणी यायचं. आणि फोनवर दादाला म्हणायचो, दादा, मी तुमच्या दोघांसाठी प्रार्थना करतोय हं.

एकदा तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या देवाला सांग, एखाद्या मंगळवारी येऊन बस म्हणावं."

मला काय राग आला म्हणून सांगू. दादा चर्चला जात नाही, त्याचा विश्वास नाही, म्हणून मी त्याचं बोलणं निंदेच्या खात्यात टाकलं आणि त्याच्याही तारणासाठी (उद्धारासाठी) प्रार्थना सुरू केली! तीन-चार आठवडे हेच चालू होतं. मग एके दिवशी बायबलमधला मार्कचा 7वा अध्याय वाचत होतो आणि तिथे अडकलो. येशू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कडक धर्मनियम पाळणाऱ्या लोकांना म्हणतो, तुमच्याकडे एक सोय आहे, आईबापाला द्यायचं ते "कुर्बान" आहे, म्हणजे देवाला वाहिलंय असं म्हटलं की झालं, मग आईबापासाठी काही करायला नको. हा अध्याय मी आधी कितीतरी वेळा वाचला होता आणि दर वेळी परूश्यांवर हसलो होतो. त्या दिवशी कळलं की माझे मंगळवार आणि शुक्रवार कुर्बान होते.

तर मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याचाच पसारा. आपण विश्वासू लोक नात्यांत जिथे कमी पडतो तिथे बहुतेक वेळा देव विसरल्यामुळे नाही पडत, देवाला मध्ये उभं करून त्याच्या मागे लपल्यामुळे पडतो. प्रार्थना हे लपायला फार चांगलं ठिकाण आहे, तिथे कोणी हटकत नाही. "मी ते प्रभूवर सोडलंय" म्हणजे पुष्कळदा मला त्या माणसाशी बोलायचं नाहीये. "प्रार्थनेत आठवण ठेवा, त्या घरात नवरा-बायकोचं जरा बिघडलंय" ही तर सरळ चुगली आहे, वर पवित्र कागद गुंडाळलेला. आणि "प्रभूनेच मला हे सुचवलंय" म्हटलं की समोरच्याला वाद घालायला जागाच उरत नाही, कारण आता तो तुमच्याशी नाही, डायरेक्ट देवाशी भांडतोय.

तुम्ही लिहिलंय की भावाशी दोन वर्षं बोलणं नाही पण "मनातून मी त्याला क्षमा केली आहे". रागवू नका, पण हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. मत्तय 5:23-24 एकदा हळू वाचा. वेदीपाशी अर्पण आणलंय आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. बघा, तुमच्या मनात भावाविरुद्ध काय आहे हे विचारलेलंच नाही, त्याच्या मनात तुमच्याविरुद्ध काय आहे ते विचारलंय. म्हणजे "माझ्याकडून क्लिअर आहे" हे उत्तर तिथे चालत नाही. आणि येशू हे बोलला ते गालीलात, वेदी यरुशलेमातल्या मंदिरात. मधे शंभरेक किलोमीटर, तीनेक दिवसांची पायपीट. अर्पण सोडून घरी जायचं, भावाशी बोलायचं आणि परत यायचं म्हणजे आठवडा गेला. येशूला हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे, तरी म्हणाला जा.

आता क्षमेबद्दल, कारण चर्चमध्ये याच्यावरच सगळ्यात जास्त गुळगुळीत बोललं जातं. मत्तय 18 मध्ये येशूचा शिष्य पेत्र विचारतो सात वेळा क्षमा करू का, येशू म्हणतो सातच्या सत्तर पट, आणि मग त्या निर्दय चाकराचा दाखला देतो. राजाने त्याचं 10,000 तालांतांचं कर्ज सोडलं, आणि तो बाहेर जाऊन सोबतीच्या चाकराचा गळा धरतो 100 दीनारांसाठी. आपल्याला शिकवतात की शंभर म्हणजे चिल्लर, तशी तुमची दुखणी पण चिल्लर, सोडून द्या. पण दीनार ही एका दिवसाची मजुरी होती, मत्तयाच्याच 20व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच रेट आहे. म्हणजे 100 दीनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त पगार. कोणी तुमचा तीन महिन्यांचा पगार बुडवला तर तुम्ही चिल्लर म्हणाल का? एक तालांत साधारण 6,000 दीनारांचा, त्या हिशोबाने राजाने सोडलेलं कर्ज 6 कोटी दिवसांच्या मजुरीचं होतं, त्याच्यापुढे हे काहीच नाही हे खरं, पण म्हणून ते शून्य नाही. येशूने आकडा शून्य ठेवला नाही याचं मला फार बरं वाटतं. तुम्हाला लागलंय ते खरंच लागलंय. क्षमा म्हणजे लागलं नाही असं सांगणं नाही, तीन महिन्यांचा पगार बुडाला हे मान्य करून तो वसूल न करणं.

आणि हे उलट बाजूनेही बघा ना, जेव्हा आपण कुणाला लागेल असं वागलेलो असतो. माफी मागताना आपण एकदम मोठं बोलतो, "माझं काही चुकलं असेल तर माफ कर". या "काही" आणि "असेल" मध्ये सगळी हवा असते. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय बघा, लूक 19. तो उभा राहून म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. थेट हिशोब, आणि तोही तोंडावर बोलून.

मी दादाकडे गेलो तेव्हा बायबलमधली तीन वचनं पाठ करून गेलो होतो, खरंच, रस्त्यात म्हणत म्हणत. तो टेबलावर वडिलांची वही घेऊन बसला होता. साधी शाळेची वही, त्यात रेघा मारून कॉलम पाडलेले, तारीख, मशीनवर जायच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी, किती पाणी प्यायले. पानंच्या पानं, सगळं एकाच अक्षरात. मी उघडून बघत होतो आणि मला एकाही पानावर माझं अक्षर सापडेना. वचनं तोंडात तशीच राहिली. मी म्हटलं, "दादा, मंगळवार माझा." तो म्हणाला, "बघ हं, जमेल का." बस. बाकी काही नाही, मिठ्या नाहीत की रडणं नाही. पुढच्या मंगळवारी मी गेलो आणि पहिल्याच दिवशी वजन लिहायला विसरलो, तर संध्याकाळी फोनवर शिव्या खाल्ल्या.

गंमत म्हणजे कॉयर सोडल्यावर मंडळीत कुजबुज झाली की माझा विश्वास थंडावलाय. एका काकूंनी येऊन सांगितलं, बाळा, तुझ्यासाठी प्रार्थना करते. (मी काही बोललो नाही, कारण हेच वाक्य मी किती लोकांना फेकून मारलंय ते मला माहीत होतं.)

चार तास त्या खुर्चीशेजारी बसून काय होतं? फारसं काही नाही. पहिला तास वडील बोलतात, मग झोपतात, मशीनचा एक बारीक आवाज येत राहतो, पाय गार पडले की पांघरूण ओढायचं, मधे कधी पायात गोळा आला की नर्सला हाक मारायची. मला वाटायचं तिथे बसून मी प्रार्थना करेन, पण होत नाही, लक्ष त्या नळीकडेच जातं. योहान 13 मध्ये येशूने शिष्यांचे पाय धुतले ते आपण फार भव्य करून टाकलंय, सणाच्या दिवशीचा विधी वगैरे, पण ते काम घाणेरडंच होतं, धुळीचे पाय, आणि त्या बारा जणांत येशूला धरून देणारा यहूदा पण होता, तो बाहेर गेला तो पाय धुऊन झाल्यावर. त्याचेही धुतले. याच्यावर मी काही भाष्य करत नाही, मला अजून ते झेपलेलं नाही.

ऑफिसचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे मला फार अवघड वाटत नाही. टेबलावर वचन चिकटवण्यापेक्षा दुसऱ्याच्या कामाचं क्रेडिट त्याला द्या, चूक झाली तर मेलमध्ये "माझ्याकडून झाली" असं लिहा, आणि जो हजर नाही त्याच्याबद्दल बोलणं निघालं की गप्प बसा. एवढं केलं तरी लोक आपोआप ओळखतात.

बायकोचं मात्र वेगळं आहे. तुम्ही इफिस 5 मधलं "पत्नींनो, पतीच्या अधीन असा" लिहिलंय आणि ती ऐकत नाही असं म्हटलंय. आपल्यातले बरेच नवरे 22व्या ओवीपासून वाचायला सुरुवात करतात. 21वी आधी वाचा, तिथे एकमेकांच्या अधीन असा म्हटलंय, आणि पुढे नवऱ्याला जे सांगितलंय ते तर कितीतरी लांबलचक आहे, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं. हिशोबच करायचा तर आपल्या वाट्याला जास्त आलंय. बायकोला दाखवायला म्हणून वचन उघडलं की ते वचन राहत नाही, काठी होते, आणि ती काठी कशी लागते हे तुमच्या घरात दिसतंय. कुसळ आणि मुसळ ही म्हण आपण येता जाता दुसऱ्यांवर वापरतो, येशूनेही तेच म्हटलंय, आधी स्वतःच्या डोळ्यातलं काढ.

1 करिंथ 13, तो प्रीतीवरचा अध्याय, लग्नात वाचतात म्हणून गोड वाटतो, पण प्रेषित पौलाने तो लिहिलाय भांडणाऱ्या मंडळीला. तिथे मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा असे गट होते, एकमेकांना कोर्टात खेचत होते, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र जेवायला बसलं की एक जण उपाशी तर दुसरा पिऊन तर्र. अशा लोकांना पौल सांगतो की प्रीती सहनशील असते, अपकार स्मरत नाही. ते मूळ क्रियापद हिशोब ठेवण्याचं आहे, वहीत मांडून ठेवण्याचं. दादाच्या वहीत वडिलांचं वजन होतं, माझी गैरहजेरी कुठे मांडलेली नव्हती, हे मला नंतर सुचलं.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत कोणी तशा परिस्थितीत असेल. मारहाण होत असेल, धमक्या असतील, मुलांना धोका असेल, तर "सातच्या सत्तर पट" ऐकून तिथेच राहायचं नाही. बाहेर पडा, पोलिसांत जा, मदत घ्या, क्षमेचं नंतर बघता येईल. "शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं" सर्वांशी शांतीने राहा असं रोम 12:18 मध्ये म्हटलंय, ती अट पौलाने उगाच घातलेली नाही. आणि सगळी नाती जुळतातच असंही नाही. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये पौल आणि त्याचा साथी बर्णबा, मार्क नावाच्या सोबत्याला बरोबर न्यायचं की नाही यावरून इतके भांडले की वेगवेगळ्या वाटांनी गेले. पुढे शेवटच्या पत्रात पौल लिहितो, मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधे किती वर्षं गेली असतील. तेव्हा भावाकडे गेलात आणि त्याने दार लावून घेतलं तरी तुमचं जाणं फुकट गेलं असं समजू नका.

राहिलं बायकोला परत चर्चला कसं आणायचं. मला वाटतं तुम्ही सध्या हा विषयच काढू नका. 1 पेत्र 3 मध्ये बायकांना सांगितलंय की वचन न मानणारा नवरा शब्दांवाचून, तुमची वागणूक बघून जिंकला जाईल. उलट्या बाजूने का चालणार नाही? तिला एकदा विचारा की तू यायचं का सोडलंस, आणि उत्तर देईल ते पूर्ण ऐका, मधे बोलू नका, वचन तर अजिबात नको. कदाचित कारण चर्च नसेल, चर्चला जाताना गाडीत होणारं भांडण असेल. आमच्याकडे एके काळी तेच होतं.

दादा अजून चर्चला येत नाही, मीही विचारत नाही. परवा वही माझ्या हातात देता देता तो म्हणाला, "तुमचं ते गाण्याचं अजून मंगळवारीच असतं का रे?" मी म्हटलं हो. "मग एखाद्या मंगळवारी जा की, मी बसेन."