ऑफिसच्या फोनचं मोबाइल ॲप वाजतच नाही आणि साहेब म्हणतात तुम्ही उचलत नाही. दोष कुणाचा, उपाय काय?

तुम्ही लिहिलंय की टेबलावरचे फोन काढून सगळ्यांच्या मोबाइलवर ॲप टाकून दिलं, स्क्रीन बंद असली की कॉल वाजत नाही, कधी एकाच बाजूचा आवाज येतो, आणि साहेब म्हणतात तुम्हीच उचलत नाही. त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले. मी २२ वर्षं एका खासगी हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर आहे, आणि ते वाक्य मला मेमोवर लिहून मिळालेलं आहे.

आमच्याकडे डॉक्टरांच्या ड्यूटी रूममधले साधे फोन काढले आणि ऑन-कॉल डॉक्टरांच्या मोबाइलवर ॲप दिलं. पावसाळ्याचे दिवस, माझी नाइट. रात्री २ वाजून १० मिनिटांनी लेबर रूममधून सिस्टरचा फोन, सिझर घ्यायचंय, भूलतज्ज्ञांना जोडून द्या. डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर ड्यूटी रूममध्येच होते. त्यांचं एक्स्टेन्शन लावलं. माझ्या कानात घंटा जात होती, स्वच्छ. उचललं नाही. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावतानाच कॅज्युअल्टीच्या मामांना हाक मारली आणि जिन्याने वर पिटाळलं. डॉक्टर खाली येईपर्यंत ९ मिनिटं गेली. आई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत, हे आधीच सांगते.

सकाळी डॉक्टरांनी मोबाइल सगळ्यांपुढे धरला. एकही मिस्ड कॉल नाही. फोन रात्रभर उशाशी होता, आवाज पूर्ण मोठा. मग एकच अर्थ निघाला, ऑपरेटरने फोन लावलाच नाही. मी माझं रजिस्टर दाखवलं, २:१०, २:११, २:१२ अशा तीन नोंदी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणाले, रजिस्टर काय, मागाहूनही लिहिता येतं. संध्याकाळी मेमो हातात. २२ वर्षांत माझ्या रजिस्टरवर कुणी असं बोललं नव्हतं.

मी ईपीएबीएक्समधून, म्हणजे हॉस्पिटलातले सगळे फोन जोडणाऱ्या यंत्रातून, कॉलची यादी काढायला लावली. त्यात तिन्ही कॉल होते, त्याच वेळांचे, पुढे शेरा ‘उत्तर नाही’. लगेच सिस्टीम बसवणारा इंजिनीअर म्हणाला, कॉल गेलाय म्हणजे वाजलाच असणार, डॉक्टर झोपले असतील. आता ठपका माझ्यावरून उठून डॉक्टरांवर बसला. सुटले म्हणून मी गप्प बसू शकले असते. पण त्या यादीत मला एक गोष्ट खटकत होती. आमच्याकडे न उचललेला कॉल ४५ सेकंदांनी तुटतो, तसं सेटिंगच आहे. त्या रात्रीचे बाकी सगळे न उचललेले कॉल ४५ सेकंदांचे होते. हे तीन मात्र ३२, ३२, ३२.

आयटीतल्या मुलाला विचारलं, तो दोन दिवस शोधत बसला आणि मग त्याने मला समजावलं. हे फोन ज्या एसआयपी पद्धतीने बोलतात त्यात कॉल आला की समोरच्या यंत्राने ‘मी वाजतोय’ असं उलट कळवायचं असतं. ते कळलं की आपला ४५ सेकंदांचा हिशेब लागू. काहीच उत्तर आलं नाही तर यंत्रणा ३२ सेकंद वाट बघून सोडून देते. म्हणजे तिन्ही वेळा डॉक्टरांच्या मोबाइलपर्यंत काही पोचलंच नव्हतं. आणि मी ऐकली ती घंटा? ती आमचा ईपीएबीएक्सच माझ्या कानात वाजवत होता.

मोबाइलपर्यंत पोचलं का नाही, तर अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो हलत नसेल तर थोड्या वेळाने गाढ झोपेत जातो आणि ॲपचं नेट बंद करतो. उशाशी ठेवलेला फोन अगदी असाच असतो. तिकडे ॲप तासातासाने हजेरी लावतं, त्यामुळे ईपीएबीएक्सच्या यादीत तो पुढचा तासभर ‘हजर’ दिसतो. आम्ही करूनही बघितलं. त्याच मॉडेलचा फोन टेबलावर तासभर पडू दिला आणि बोर्डावरून लावला. माझ्या कानात घंटा, टेबलावर शांतता. डॉक्टर स्वतः शेजारी उभे होते. त्यांनी माझी माफी मागितली, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

आता तुमचं. आयटीकडून कॉलची यादी मागा आणि न वाजलेल्या कॉलचे सेकंद बघा. बाकीच्या न उचललेल्या कॉलपेक्षा ते वेगळे आणि एकसारखे दिसले तर तुमच्यापर्यंत कॉल आलाच नव्हता, हे साहेबांपुढे ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपचं बॅटरीबाबतचं बंधन काढा. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी द्यावी लागते, तीही बघा. पण खरा उपाय ‘पुश’, झोपलेल्या फोनला बाहेरून उठवायची सोय. ती सिस्टीमच्या बाजूने चालू करावी लागते. आमच्या ॲपमध्ये ती होती, कुणी चालू करून घेतली नव्हती. आयफोनवर तर तिच्याशिवाय गत्यंतरच नाही. एकाच बाजूच्या आवाजाचं म्हणाल तर घंटेचा रस्ता वेगळा आणि आवाजाचा वेगळा असतो. राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाचं सेटिंग असतं, ते कधीकधी आवाजाचा रस्ता बिघडवतं, ते बंद करून बघायला सांगा.

आणि ज्या जागी कॉल चुकला तर माणसाचं नुकसान होतं, तिथे भिंतीला वायरवाला फोन हवाच. हॉस्पिटल, कारखान्याचं गेट, सिक्युरिटी, लिफ्ट. ॲप हवं तर त्याच्या जोडीला द्या, त्याच्या जागी नको. मी हे मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा मला जुन्या वळणाची म्हटलं गेलं. महिन्याभरात ड्यूटी रूमचा फोन परत लागला. आता १५ सेकंदांत ॲप उचललं नाही तर तो वाजतो, आणि तोही नाही तर कॉल डॉक्टरांच्या साध्या मोबाइल नंबरवर जातो.

ॲप वाईटच असं मी म्हणत नाही. बाहेर फिरणाऱ्या सेल्सच्या लोकांना, घरून काम करणाऱ्यांना ते बरं पडतं. शिवाय ३२ सेकंदांचा आकडा तुमच्याकडे कुणी बदललेला असू शकतो, त्यामुळे आधी विचारून घ्या.

पण तुमच्यावर लेखी ठपका आला असेल तर तो मागे घेतल्याचंही लेखीच घ्या. मला ‘झालं गेलं सोडा’ एवढंच तोंडी सांगितलं. मेमो अजून माझ्या फाइलला आहे. मागे घेतल्याचं पत्र मी गेल्या महिन्यात पुन्हा मागितलंय, कॉलची यादी जोडून, ३२च्या तिन्ही आकड्यांखाली लाल रेघ मारून.