बी२ झाल्यावर जर्मन पुढे कसं न्यायचं?

प्रश्न असा आहे की जर्मनची बी२ (सहा पातळ्यांपैकी चौथी) परीक्षा पास झालो, पण साहित्य वाचायला घेतलं की अडखळतो. सुरुवात कुठून करू?

महाकवी गटेपासून नको! भल्याभल्यांची गाडी तिथे रुतते. १९४५ नंतरच्या छोट्या कथांपासून करा. युद्धात शहरं बेचिराख झालेली, म्हणून या लेखनाला 'ट्र्युमरलिटराटूर' म्हणजे ढिगाऱ्यांचं साहित्य म्हणतात. वाक्यं आखूड, शब्द रोजचे.

वोल्फगांग बोर्शर्टची 'डास ब्रोट' (म्हणजे 'पाव', १९४६) ही कथा घ्या. जेमतेम दोन पानं. रात्री 'हाल्ब ड्राय' वाजता बायकोला जाग येते. (हाल्ब ड्राय, शब्दशः 'अर्धे तीन', म्हणजे साडेतीन नव्हे, आपलं अडीच.) नवऱ्याने चोरून पाव कापून खाल्लाय, हे तिला ताटलीशेजारच्या चुऱ्यावरून कळतं. तो थाप मारतो, ती सांभाळून घेते. त्या काळात पाव रेशनवर मिळायचा, हे माहीत नसेल तर एवढ्याशा पावासाठी थाप कशाला, हेच कळत नाही. इतिहास वाचायचा तो यासाठी.

दुसऱ्या दिवशी ती आपल्यातला एक तुकडा त्याला देत म्हणते, 'इस डू मान'. हा 'मान' उत्तर जर्मनीतला, बोर्शर्ट हाम्बुर्गचा. आपण 'खा रे तू' म्हणतो ना, त्यातल्या 'रे'सारखी माया त्यात आहे. शब्दकोश इथे फारसा कामाला येत नाही.

कथा तीनदा वाचा, तिसऱ्यांदा मोठ्याने. मग तीच नवऱ्याच्या तोंडून जर्मनमध्ये लिहून काढा. काफ्कासारखे लेखक त्यानंतर.