दिवंगत सहकाऱ्याने दिलेल्या कृतीवरून बार्बेक्यू रिब्ज करताना कृती कितपत बदलावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुमच्याबरोबर स्वयंपाक करणाऱ्या मित्राने स्वतःची बार्बेक्यू रिब्जची, म्हणजे मंद धुरात भाजलेल्या बरगड्यांची, कृती सगळ्यांना वाटली होती, आता तो नाही. कृती पोर्कची आहे आणि तुमच्या घरी पोर्क चालत नाही. घरात शेगडी आणि लहान ओव्हन एवढंच आहे. मटणाच्या रिब्ज होतील का, आणि गेलेल्या माणसाची कृती बदलणं बरं दिसेल का?

होतील, आणि फार चांगल्या होतात. बदलाबद्दल माझं मत असं की पहिल्या वेळी फक्त तेवढंच बदला जेवढं मांस बदलल्यामुळे बदलावंच लागतं. मीठ-मसाला, सॉस, कामाचा क्रम त्याचाच ठेवा. आपल्या जिभेचे बदल दुसऱ्या खेपेपासून. एकदा त्याच्या हातची चव ताटात आल्याशिवाय आपण काय बदलतोय हे कळतच नाही.

मी ग्वाल्हेरला, लश्कर भागात राहतो आणि लग्नाकार्यांच्या स्वयंपाकाची कामं घेतो. माझ्याकडेही अशीच एक कृती आहे. ज्यांची आहे त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. पूर्वी ते प्रवासी जहाजावर कुक होते, तिथे अमेरिकन पाहुण्यांसाठी रिब्ज करायचे. ग्वाल्हेरला परतल्यावर आमच्याबरोबर कामं करू लागले, आणि जो मागेल त्याला त्या कृतीची झेरॉक्स द्यायचे. आचारी लोक सहसा असं करत नाहीत. दादांना मी एकदा विचारलं होतं की सगळं असं वाटून का टाकता, तर म्हणाले, "अरे, कागद दिला म्हणून हात थोडाच जातो? तू कर, मग मला बोलव जेवायला." आता त्यांना बोलावता येत नाही. म्हणून ती कृती त्यांच्या पद्धतीने नीट व्हावी याची मला फार काळजी वाटते, आणि तुमच्या प्रश्नातही तीच काळजी दिसली.

दादांच्या कागदावर वेळ जवळजवळ कुठेच नाही. खुणा आहेत. "हाडाचं टोक अर्धा इंच उघडं पडेपर्यंत." "पट्टी चिमट्याने एका बाजूने उचल, ती वाकून वरच्या मसाल्याला भेग पडली की झालं." पट्टी म्हणजे बरगड्यांचा अख्खा, सलग तुकडा. तुमच्या मित्राची कृती एकदा या नजरेने वाचा. त्याने जिथे खूण लिहिली आहे ती मटणालाही लागू पडते. जिथे तास लिहिले आहेत ते पोर्कचे आहेत, ते तसेच धरले तर मटण वाळून जाईल.

अमेरिकेत पोर्कच्या रिब्ज मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. बेबी बॅक म्हणजे कण्यालगतच्या, आखूड आणि कमी चरबीच्या. स्पेअर रिब्ज पोटाकडच्या, लांब आणि चरबीदार. स्पेअर रिब्जसाठी तिकडे ३-२-१ हा हिशेब प्रसिद्ध आहे: तीन तास उघड्या धुरात, दोन तास फॉइलमध्ये गुंडाळून, एक तास सॉस लावून, आणि आच ११० अंश सेल्सियसच्या आसपास. तुमच्या मित्राच्या कागदावर बहुधा असंच काहीतरी असेल. बोकडाच्या बरगड्या पातळ, मांस कमी, चरबी तर आणखी कमी. माझा हिशेब दीड तास धूर, दोन तास फॉइल आणि शेवटी पंधरा-वीस मिनिटं सॉस, असा आहे. आच तीच, ११० ते १२०.

इतक्या मंद आचेचं कारण असं. बरगडीभोवतीच्या मांसात कोलॅजन नावाचा चिवट तंतू भरपूर असतो. ७० अंशांच्या पुढे तो हळूहळू विरघळून जिलेटिन होतो, आणि हे व्हायला तास लागतात. मांस सुरक्षित व्हायला तेवढ्याची गरज नसते, ते आधीच शिजलेलं असतं, पण त्या वेळी खाल्लं तर रबर चावल्यासारखं लागतं. आतलं तापमान ९० ते ९५ च्या घरात गेलं की हाडावरून मऊ सुटतं. मांसात खुपसायचा थर्मामीटर मिळाला तर जरूर घ्या. टोक मांसात राहील आणि हाडाला लागणार नाही असं खुपसा, नाहीतर आकडा चुकीचा येतो. मधेच तापमान ६५-७० वर येऊन अडतं, बराच वेळ हलत नाही. घाबरून कोळसा वाढवू नका. मांसातून पाणी उडत असतं, त्यामुळे ते थंड पडत राहतं. फॉइलमध्ये गुंडाळलं की ती अडचण सुटते.

आता खाटकाकडे. "चाप" म्हणालात तर तो सवयीने तुकडे करून देईल. आधीच सांगा, तोडायचं नाही, एका बाजूची अख्खी पट्टी सीन्यासकट हवी. बोकड फार लहान नको, त्याच्या बरगडीवर मांसच नसतं. आणि सकाळी कापलेलं मटण त्याच दिवशी आगीवर ठेवू नका. कापल्यावर काही तासांत मांस ताठरतं, तेव्हा शिजवलं तर शेवटपर्यंत चिवट राहतं. आपल्याकडे ताजं म्हणजे आजचं अशी समजूत पक्की आहे. रश्श्यात ती खपून जाते, इथे नाही. रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या.

पट्टी घरी आणली की पहिलं काम आतल्या बाजूचा पापुद्रा काढणं. दादांच्या कागदावर या ओळीखाली दोन रेघा मारल्या आहेत. पट्टी पालथी करा, म्हणजे हाडांची खोलगट बाजू वर येईल. तिथे एक पांढरट, चकचकीत पडदा दिसतो. मधल्या एखाद्या हाडावर चमच्याची दांडी पडद्याखाली सरकवा, थोडा उचलला गेला की बोट घाला. तो इतका निसरडा असतो की नुसत्या बोटांनी धरवत नाही. कोरडा जाडसर कपडा किंवा कागदी रुमाल घेऊन पकडा आणि सावकाश, हाडाला समांतर, मागे ओढत न्या. नीट निघाला तर एका दमात अख्खा निघतो. बोकडाचा पडदा पोर्कपेक्षा पातळ असतो, फाटतो, मग तुकड्या-तुकड्याने काढा. हे काम टाळू नका. पडदा राहिला तर त्या बाजूने मसाला आत जात नाही, धूर लागत नाही, आणि खाताना दाताखाली कागद आल्यासारखं होतं.

मीठ आदल्या दिवशीच लावायचं, किलोला दहा ग्रॅम. बाकीचा कोरडा मसाला दीड किलोसाठी असा: गुळाची पावडर दोन मोठे चमचे, काश्मिरी मिरची दीड मोठा चमचा, भरड मिरी दोन लहान चमचे, मोहरीची पूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि लसणाची पावडर एकेक लहान चमचा. तिकडे पॅप्रिका आणि ब्राउन शुगर घालतात. काश्मिरी मिरची आणि गूळ त्यांच्या जागी इतके चपखल बसतात की दादांनी जहाजावरून उतरल्यावर ते कायमचेच बदलले. हळद, गरम मसाला, आलं-लसूण वाटण यांतलं काही घालायचं नाही. मोह होतो, मला माहीत आहे. पण मग ते भाजलेलं मटण होतं, छान असतं, पण तुमच्या मित्राच्या रिब्ज होत नाहीत.

शेगडीवर करायचं तर कोळसा एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, निखाऱ्यांच्या बरोबर वर कधीच नाही. साध्या गोल शेगडीवर ही जागा मिळत नाही, शिवाय झाकण लागतं. मी एक जुना पत्र्याचा पिंप आडवा कापून घेतला आहे, त्यात जाळी बसवली आहे. पिंप रसायनाचा नसावा, आणि आतला रंग रिकाम्या पिंपात दणकून आग पेटवून आधी जाळून टाकावा. मांसाच्या बाजूला जाळीखाली पाण्याचं भांडं ठेवा, चरबी त्यात ठिबकते आणि हवा कोरडी पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री पारा पाच अंशांच्याही खाली जातो, सकाळी पत्रा गार पडलेला असतो, त्यामुळे कोळसा उन्हाळ्यापेक्षा बराच जास्त लागतो. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो: थंडी आहे म्हणून हे सगळं खोलीत किंवा बंद व्हरांड्यात करू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि बंद खोलीतल्या शेगडीने दर हिवाळ्यात माणसं जातात. गच्ची किंवा अंगण, बस.

धुरासाठी हिकरी किंवा सफरचंदाचं लाकूड शोधत बसू नका. आंब्याचं किंवा पेरूचं वाळलेलं लाकूड उत्तम. मुठीएवढे तीन-चार तुकडे पुरे. चीड, देवदार, प्लायवूड, रंग लावलेलं लाकूड अजिबात नको. धुराकडे लक्ष ठेवा. लाकूड टाकल्या टाकल्या दाट पांढरा धूर येतो, तो मांसाला कडू करतो. तो विरून पातळ, निळसर, जेमतेम दिसेल असा झाला की मगच पट्टी ठेवायची. हवा कोंडली तर धूर परत पांढरा होतो, म्हणून वरची फट पूर्ण बंद करू नका.

फक्त ओव्हनच वापरणार असाल तर १२० अंशांवर जाळीवर ठेवा, खाली पाण्याचा ट्रे, आणि वेळ तीच. धूर हवा असेल तर शेवटी मोठ्या पातेल्यात पट्टी ठेवून वाटीत निखारा आणि त्यावर आंब्याच्या लाकडाचा चुरा टाकून पाच मिनिटं झाका, हेही गच्चीवरच. धुंगाराला आपण तूप सोडतो, ते इथे सोडू नका. तुपाचा वास सगळ्यावर मात करतो.

सॉस अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या वळणाचा, टोमॅटो आणि मोलॅसिसचा. तिथल्या बार्बेक्यूचा जनक मानला जाणारा हेन्री पेरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जो सॉस देत असे तो चांगलाच झणझणीत होता म्हणतात, गोडवा नंतर वाढत गेला. म्हणून तुम्ही थोडं तिखट वाढवलंत तर ते परंपरेला धरूनच होईल. मोलॅसिसच्या जागी काकवी घ्या. मी हिवाळ्यात इथे मिळणारी उसाची राब वापरतो. एक कप टोमॅटो प्युरी, पाव कप काकवी, पाव कप व्हिनेगर, एक मोठा चमचा वुस्टर सॉस, एक लहान चमचा मोहरीची पूड, परतलेला एक बारीक कांदा, मीठ, मिरी, तिखट. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, चमच्याच्या पाठीला चिकटेपर्यंत. हा सॉस अगदी शेवटी लावायचा, पातळ दोन हात, मधे सात-आठ मिनिटं जाऊ द्यायची. आधी लावला तर गोड जळून काळा पडतो.

कापल्यावर कडेने गुलाबी पट्टा दिसेल आणि घरातलं कोणीतरी नक्की म्हणेल की कच्चं राहिलं. ते कच्चं नसतं. धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला, लागला की तो रंग तसाच टिकतो. ओव्हनमध्ये केलंत तर हा पट्टा येणार नाही.

राहिला मूळ कागद. त्यावर काही लिहू नका, माझं ऐका. त्याची झेरॉक्स काढा आणि तुमचे मटणाचे आकडे झेरॉक्सवर समासात लिहा, तारीख घालून. कोणी कृती मागितली तर दोन्ही द्या आणि मूळ कोणाची ते नावासकट सांगा. त्याने वाटली होती, म्हणजे ती पुढे जावी हीच त्याची इच्छा होती. मला दादांच्या घरच्यांना पहिल्यांदा डबा पोचवताना संकोच वाटला होता, त्यांना त्रास होईल असं वाटलं होतं. वहिनींनी एक हाड उचललं, खाल्लं, आणि म्हणाल्या, "व्हिनेगर ते जरा जास्त घालायचे." हे कागदावर नव्हतं. आता माझ्या झेरॉक्सवर आहे. तुमच्या मित्राच्या घरी कोणी असेल तर त्यांनाही जरूर चाखायला द्या.

रविवारी दुपारी जेवायचं असेल तर शनिवारी सकाळी मटण आणा, दुपारी पापुद्रा काढून मीठ लावा, रात्री मसाला. सॉसही शनिवारीच करून ठेवा, मुरलेला चांगला लागतो. रविवारी साडेआठला कोळसा पेटवा, नऊला पट्टी ठेवा, साडेदहाला फॉइल, साडेबाराला उघडून सॉस. उतरवल्यावर दहा मिनिटं तशीच झाकून ठेवा, मग दोन हाडांच्या मधून कापा. दीड किलोत चार माणसं जेवतात, सोबत भाकरी किंवा पाव आणि कच्चा कांदा असेल तर पाच.