लेकीला जीन एडिटिंग शिकायचंय. प्रवेश नेमका कशाला घ्यावा?

पत्र : मी लातूर जिल्ह्यातला शेतकरी. सात एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मुलीनं बारावीनंतर दोनदा नीट दिली, मेडिकलपुरते मार्क आले नाहीत. जीन एडिटिंग केलेल्या तांदळाची बातमी वाचल्यापासून ती म्हणते, मला रोग न पडणारी पिकं तयार करायचीत. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजीला प्रवेश मिळतोय. फी झेपत नाही, पण कर्ज काढायची तयारी आहे. भावकी म्हणते, शेतीच शिकायची तर घरी वावर आहे की. हे बीटी कापसासारखंच आहे का? उद्या सरकारनं बंदी घातली तर? आणि नोकरीचं काय?

उत्तर : नमस्कार. आधी कर्जाचं सांगतो. या पदवीसाठी कर्ज काढू नका. मुलीची आवड खरी वाटते, पण त्या आवडीचा रस्ता तुमच्या जवळून जातो आणि तो बराच स्वस्त आहे.

तिनं वाचलेली बातमी मे 2025 ची असणार. केंद्र सरकारनं तेव्हा जनुक संपादित (जीन एडिटिंग केलेल्या), म्हणजे पिकाच्याच जनुकात नेमका बदल केलेल्या, भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. सांबा महसुरीपासून केलेली ‘कमला’ हैदराबादच्या भात संशोधन संस्थेची आणि ‘पुसा डीएसटी राईस 1’ दिल्लीच्या पुसा संस्थेची. पण यातली एकही रोगासाठी केलेली नाही. पहिलीत भर उत्पादनावर आणि लवकर पक्वतेवर आहे, दुसरीत खारवट जमीन आणि पाण्याच्या ताणावर. रोगाचं काम त्याहून अवघड आहे, आणि तुमच्या मुलीला जागा आहे ती तिथंच.

अवघड का, ते भाताच्या जिवाणूजन्य करप्यावरून कळतं. हा जिवाणू पानात शिरला की भाताचंच साखर बाहेर सोडणारं जनुक चालू करतो आणि त्या साखरेवर पोसतो. चोरानं घरच्याच माणसाकडून कणगीचं झाकण उघडून घ्यावं, तसा प्रकार. जनुकातल्या ज्या जागी जिवाणू हात घालतो, तेवढीच जागा शास्त्रज्ञांनी क्रिस्परनं, म्हणजे जनुक नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्रानं, बदलली आणि रोग अडला. गव्हाच्या भुरीवर असंच काम चीनमध्ये झालं, ते 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे आधी रोग आत कसा शिरतो हे कळावं लागतं, कापाकापी नंतरची. क्रिस्पर वापरायला प्रयोगशाळेत काही महिन्यांत शिकता येतं. तुरीचा मर रोग समजायला वर्षं जातात.

यंदा तुमची तूर उधळली, म्हणजे उभी झाडं वाळू लागली, तर मुलीला एक वाळकं झाड उपटून खोड उभं चिरायला सांगा. आत काळपट तपकिरी रेघा दिसल्या तर ती मर, जमिनीतली बुरशी मुळातून वर चढलेली. शेजारचं झाड हिरवंगार, पण पानं बारीक, फिकट आणि फुलच नाही, तर तो वांझ रोग. तो विषाणू एका सूक्ष्म कोळ्यावाटे पसरतो. बांधावरून दोन्ही झाडं ‘गेलेली’च दिसतात, पण एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. हा फरक वावरात ओळखणारी मुलगी पुढं प्रयोगशाळेत गेली की तिला किंमत येते.

मराठवाड्यात या कामाची परंपरा जुनी आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 1980 च्या दशकात भेंडीचा एका जंगली जातभाईशी संकर करून केवड्याला, म्हणजे पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला, दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ काढली. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं मर आणि वांझ या दोन्हींत टिकणारी ‘बीएसएमआर 736’ तूर दिली. यातली कुठलीच जीन एडिटिंगची नाही, सगळी निवड आणि संकराची. परभणी क्रांतीही पुढं काही भागांत केवड्याला बळी पडू लागली, कारण विषाणूही बदलतो. शास्त्रज्ञाची डोकेदुखी ती, तुमच्या मुलीच्या दृष्टीनं मात्र न संपणारं काम.

एक अडचण बातम्यांत सहसा येत नाही. पेशीत बदल करणं जमलं तरी त्या पेशीपासून पुन्हा अख्खं रोप उभं करावं लागतं. भातात ते बऱ्यापैकी बसलं आहे, तूर आणि हरभऱ्यासारखी कडधान्यं मात्र या ऊतीसंवर्धनात, म्हणजे पेशींपासून रोप वाढवण्यात, फार त्रास देतात. आपली पिकं मागं राहिली त्याचं हेही एक कारण. ज्याला हे जमेल त्याला संस्था शोधत येतील, असं माझं मत आहे.

आता प्रवेश. ‘जीन एडिटिंग’ नावाच्या पदवीच्या मागं लागू नका. कुणी तसं नाव लावून विकत असेल तर आधी विचारा, कॉलेजचं स्वतःचं शेत किती एकर आहे. माझा पहिला पसंतीक्रम सरकारी कृषी महाविद्यालयातली चार वर्षांची बी.एस्सी. ॲग्री. त्यात रोगशास्त्र, कीटकशास्त्र, पैदासशास्त्र (नवे वाण काढण्याचं शास्त्र), माती सगळं येतं आणि शेवटच्या वर्षी गावात राहून ‘रावे’ हा ग्रामीण अनुभवाचा कार्यक्रम करावा लागतो. दुसरी पसंती परभणी विद्यापीठाचंच लातूरचं कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय. ते तुमच्याच जिल्ह्यात आहे आणि पत्रात त्याचं नावही नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. नीटच्या नादात लातुरात हे असंच होतं. मुलीनं एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा दिली आहे का, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. या प्रवेशांचा नेहमीचा दरवाजा तो. दिली नसेल तर कदाचित एक वर्ष जाईल. गेलं तर जाऊ द्या, पण तिसऱ्यांदा नीट नको.

खरं विशेषीकरण एम.एस्सी.ला. पैदासशास्त्र, रोगशास्त्र किंवा रेणवीय जीवशास्त्र यांपैकी एक घ्यावं, आणि जमल्यास आयसीएआरची (केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेची) परीक्षा देऊन महाराष्ट्राबाहेर पडावं. दिल्लीची पुसा आहेच. कडधान्यांत रस राहिला तर हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तूर आणि हरभरा त्यांच्या मुख्य पिकांत आहेत. पुढं पीएच.डी. सगळं धरून दहा वर्षं लागतील. तेवढी वर्षं घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. नेट ही राष्ट्रीय परीक्षा काढून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023 पासून महिना 37 हजार रुपये मिळतात, घरभाडं वेगळं.

बीटीचा प्रश्न तुम्ही रास्त विचारला. बीटी कापसात जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं आहे. त्या दोन भातांत मात्र भाताच्याच जनुकात बदल आहे आणि परकं जनुक राहिलेलं नाही. असं परकं काही शिल्लक नसेल तर त्या वाणाला जीएम (परकं जनुक घातलेल्या) पिकांच्या लांबलचक मंजुरीतून सूट, असा निर्णय केंद्रानं मार्च 2022 मध्ये घेतला. जैवसुरक्षा समितीची तपासणी आणि शेतातल्या चाचण्या चुकत नाहीत. विरोध करणाऱ्या संघटना आहेत, क्रिस्परची पेटंटं परदेशात आहेत, आणि बियाणं शेतकऱ्याला घरी धरता येईल का हा वाद व्हायचाच आहे. उद्या धोरण फिरलं तरी पैदासकार आणि रोगतज्ज्ञ बेकार होत नाही, म्हणूनच मी पाया शेतीचा घ्या म्हणतो.

नोकरीचं सरळ सांगतो. शास्त्रज्ञाच्या जागा थोड्या, स्पर्धा मोठी. पण बी.एस्सी. ॲग्री झालेल्या मुलीला एमपीएससीची कृषी सेवा, बँकेतलं कृषी अधिकारीपद आणि जालन्याच्या बियाणे कंपन्या खुल्या असतात. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली तेव्हापासून जालना बियाण्यांचं गाव झालं आहे. तिथं संशोधन विभागात एम.एस्सी.वाल्यांना काम मिळतं. काहीच नाही तर कृषी सेवा केंद्राचा परवाना या पदवीवर निघतो. भावकीला एवढं सांगितलं तरी पुरे.

अर्ज भरण्याआधी मुलीला घेऊन एकदा बदनापूरला जाऊन या. मर रोगाची बुरशी मुद्दाम वाढवलेल्या वाफ्यात वाण कसे पारखतात ते तिथल्या शास्त्रज्ञांना विचारा. आधी फोन करून गेलात तर बरं. आणि सातबारा, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आत्ताच काढून ठेवा. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना कृषी प्रवेशात अधिभार, म्हणजे जादा गुण, मिळत आला आहे, आणि जूनमध्ये तहसीलला रांगा लागतात.