रोज नवं लिनक्स टाकायच्या आधी हे वाच भाऊ

भाऊ, तू एका आठवड्यात तीन डिस्ट्रो (म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे वेगवेगळे प्रकार) इन्स्टॉल करून पुसले म्हणतो, अरे पण इन्स्टॉल करायची गरजच काय होती? १६ जीबीचा एक पेनड्राइव्ह घे, त्यावर व्हेंटॉय, म्हणजे एकाच पेनड्राइव्हवरून अनेक डिस्ट्रो चालू करून देणारं टूल, टाक (टाकताना पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, आधी रिकामा कर) आणि मग मिंट, फेडोरा, डेबियन ज्या डिस्ट्रोच्या पाहिजे त्याच्या लाइव्ह (म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करत जा, कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून चालू केला की यादी येते, निवड आणि लाइव्ह चालवून बघ, हार्डडिस्कला हात लागत नाही. फक्त लाइव्हमधे सेव्ह केलेलं रिस्टार्टला उडतं.

बघायचं काय तर वॉलपेपर नाही. वायफाय पकडतो का, आवाज येतो का, झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, प्रिंटर, आणि मराठी टायपिंग. ४ जीबी रॅम असेल तर मिंटचं एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपचं) व्हर्जन घे, उगाच जड डेस्कटॉप नको.

आवडलं की मगच इन्स्टॉल, पण बॅकअप घेऊन. मी घाईत 'इरेज डिस्क'वर (सगळी डिस्क पुसायच्या पर्यायावर) क्लिक केलं होतं, वडिलांचा केळीचा दोन वर्षांचा हिशोब गेला, महिनाभर घरात कोणी धड बोललं नाही माझ्याशी. होम (तुझ्या फाइलींचा फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर ठेव, पुढे डिस्ट्रो बदलला तरी फाइली राहतात, फक्त ते पार्टिशन फॉरमॅट करू नको.

आणि लॅपटॉप नसून डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तर इन्स्टॉल रात्री कर, भर मे महिन्यात जळगावला दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही.