आधी नाडी, मग पट्टी

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज वाचला. शुगरचा पेशंट, अंगठ्याची जखम दीड महिना भरत नाही, तिसरं अँटिबायोटिक चालू. आता चौथं कोणतं देऊ, असं विचारतोस. चौथं राहू दे. पायाची नाडी लागते का, हे तू कुठंच लिहिलेलं नाहीस.

तुझ्या वयात मीही हेच केलं. पऱ्हाटीचं धसकट रुतलेला शेतकरी होता. रोज ड्रेसिंग, दर आठवड्याला नवी गोळी. बायको सांगायची, "रातभर खाटीखाली पाय सोडूनच बसतेत जी." मला वाटलं, काळजीनं झोप लागत नसेल. पाय खाली सोडला की थोडं रक्त उतरतं, तेवढाच आराम, हे पुस्तकात वाचलेलं होतं; समोर दिसलं तेव्हा ओळखलं नाही. शेवटी पाय गुडघ्याखालून गेला.

शेतातल्या ड्रिपची नळी चोंदली की टाकीत कितीही खत सोड, शेवटच्या संत्र्याला मिळत नाही. औषध रक्तातूनच जातं. शिवाय जंतू मारायला पांढऱ्या पेशींना आणि नवं मांस धरायला ऑक्सिजन लागतो, तोही त्याच वाटेनं येतो.

पेशंटला अंगठा वर ओढायला सांग. पायावर जो दोर उठतो, त्याच्या करंगळीकडच्या बाजूला बोटं हलकेच ठेव. दुसरी नाडी आतल्या घोट्यामागे. धडधाकट माणसांतही कधीकधी वरची लागत नाही, म्हणून दोन्ही बघ. डॉप्लर (रक्ताचा प्रवाह ऐकायचं यंत्र) मिळालं तर घोट्याच्या प्रेशरला दंडाच्या प्रेशरनं भाग, ०.९ च्या खाली आलं तर धमनीत अडथळा आहे. १.४ च्या वर आलं तर खूश होऊ नकोस, शुगरमध्ये कडक झालेल्या धमन्या आकडा फुगवतात.

ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन दे. ती मुख्यतः हृदय आणि मेंदू सांभाळतात. सिलोस्टाझोलच्या गोळीनं चालण्याचं अंतर वाढतं, बंद धमनी उघडत नाही. हार्ट फेल्युअर असेल तर ते अजिबात नको. रात्रीचं दुखणं किंवा काळं बोट दिसलं तर गोळ्यांवर दिवस काढू नकोस, नागपूरला पाठव. तोवर घट्ट पट्टी नको, गरम पाण्याचा शेक नको.

तंबाखूचं नीट विचार. "बिडी नाही ओढत" म्हणणाऱ्याच्या खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी सापडते.

उद्या दोन्ही पायांच्या नाड्या बघून संध्याकाळी फोन कर.

तुझा,
सर