वाचकांचे प्रश्न : समासातले आकडे आणि जास्वंदीचा जीव

प्रश्न : प्लेटोच्या ‘रिपब्लिक’वर प्रबंधिका लिहिताना मी पुस्तकाचा पान क्रमांक दिला. सरांनी तो खोडून ‘५१४ए’ लिहायला सांगितलं. माझ्या पुस्तकाला एवढी पानंच नाहीत! (एम. ए.ची विद्यार्थिनी, देवरुख)

सरांचं बरोबर आहे. ५१४ हे तुमच्या पुस्तकातलं पान नव्हे. आंरी एस्तिएन या मुद्रकानं १५७८ साली जिनिव्हात प्लेटो छापला, त्यातलं ते पान. तिथे प्रत्येक पानाचे ए ते ई असे भाग पाडले होते. अभ्यासाच्या आवृत्त्या तेच आकडे समासात छापतात, त्यामुळे भाषांतर कुणाचंही असलं तरी जागा तीच सापडते. गुहेचा दृष्टान्त सातव्या पुस्तकाच्या आरंभी, ५१४एपासून आहे. तुमच्या प्रतीच्या समासात आकडे नसतील तर ती वाचायला ठेवा, संदर्भाला घेऊ नका. एस्तिएनचे खंड तीन आहेत आणि प्रत्येकात पानं पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणून संवादाचं (प्लेटोचे ग्रंथ संवादरूपात आहेत) नाव न देता नुसतं ‘५१४ए’ लिहिलं तर ते निरुपयोगी ठरतं.

ॲरिस्टॉटलसाठी बेकर या संपादकाची १८३१ची बर्लिन आवृत्ती धरतात : पान, ए किंवा बी रकाना, मग ओळ. ‘निकोमाखियन एथिक्स’ १०९४ए१ला सुरू होतं. ओळी मूळ ग्रीकच्या आहेत. भाषांतरात वाक्याची उलटापालट होते आणि ओळ एक-दोननं सरकते. ग्रीक मजकूर समोर नसेल तर रकान्यापर्यंतच थांबा. याच ग्रंथाच्या प्रकरणांच्या दोन वेगळ्या विभागण्या प्रचारात आहेत, तेव्हा एकट्या प्रकरण क्रमांकावरही विसंबू नका.

प्रश्न : वाचनालयाच्या फळ्यावर रोमन सम्राट आणि तत्त्वज्ञ मार्कस ऑरेलियसचं वाक्य लिहिलं : ‘आपण ऐकतो ते मत असतं, वस्तुस्थिती नव्हे, पाहतो तो दृष्टिकोन असतो, सत्य नव्हे.’ एका सभासदांनी ते खोटं ठरवलं. (ग्रंथपाल, चिपळूण)

पुसून टाका. त्याच्या चिंतनाच्या १२ पुस्तकांत हे वाक्य कुठेच नाही. २.१५मध्ये (पुस्तक दोन, परिच्छेद पंधरा) ‘सगळं काही धारणाच’ अशा अर्थाचा मोनिमस या सिनिक तत्त्वज्ञाचा उद्गार आहे, पण त्यातलं जेवढं खरं तेवढंच घ्यावं असं मार्कस तिथेच बजावतो. पुढच्या वेळी आधी पुस्तक आणि परिच्छेदाचा क्रमांक मागा. तो मिळाला नाही तर फळ्यावर लिहू नका. मिळाला तर दोन भाषांतरांत ती जागा काढून पाहा. वाक्य जसंच्या तसं शोधत बसू नका. मूळ ग्रीक असल्यानं प्रत्येक भाषांतरकाराचे शब्द निराळे असतात. तोवर फळा रिकामा ठेवायचा नसेल तर ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस घ्या, ‘हस्तपुस्तिका’, ५ : माणसांना वस्तू अस्वस्थ करत नाहीत, वस्तूंबद्दलचे त्यांचे निर्णय करतात. खाली ‘एपिक्टेटसनं लिहिलं’ असं मात्र नको. त्यानं काही लिहिलं नाही. हे संकलन त्याचा शिष्य आरियन याचं.

प्रश्न : ॲरिस्टॉटलच्या ‘डी ॲनिमा’ (‘आत्म्याविषयी’) या ग्रंथातले उतारे मराठीत आणतो आहे. ‘आत्मा’ हा शब्द सारखा अडतो. (निवृत्त शिक्षक, मालवण)

अडणारच. मूळ शब्द ‘प्सुखे’. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात तो अमर आहे, तिथे ‘आत्मा’ बऱ्यापैकी चालून जातो. ॲरिस्टॉटलची व्याख्या वेगळी : जगण्याची क्षमता असलेल्या नैसर्गिक शरीराचं पहिलं साकारलेपण (४१२ए२७). डोळा हा प्राणी असता तर दृष्टी हा त्याचा प्सुखे झाला असता, असं तो सांगतो. वनस्पतींनाही तो आहे, पोषणापुरता. मग येतं ४१३बी : काही वनस्पती तोडून वेगळ्या केल्या तरी जगतात, कारण त्यांचा प्सुखे प्रत्यक्षात एक आणि शक्यतेत अनेक असतो. परसातल्या जास्वंदीची फांदी खोचली की दुसरं झाड होतं, तेच हे. आता इथे ‘आत्मा’ लिहून बघा. वाचकाच्या कानात गीतेतलं ‘अच्छेद्योऽयम्’ (हा तोडता येत नाही) घुमत असतं आणि तुमचा ॲरिस्टॉटल फांदीबरोबर आत्मा तोडायला निघालेला! चूक त्याची नाही, शब्दाची आहे.

आमचं मत ‘जीव’ या शब्दाला. ‘माडात अजून जीव आहे’ असं आपण सहज म्हणतो, त्यात मोक्ष येत नाही. मोठा फायदा पुढेच आहे. ४१३ए२१च्या आसपास तो ‘एम्प्सुखोन’ (प्सुखे असलेलं) आणि ‘आप्सुखोन’ (प्सुखे नसलेलं) यांतला फरक जगण्यावरून ठरवतो. ‘सजीव’ आणि ‘निर्जीव’ ही जोडी ग्रीक जोडीसारखीच घडलेली आहे. इंग्रजीत हे नातं तुटतं, मराठीत आयतं मिळतं. ‘आत्मा’ घेतलात तर ‘सात्म’, ‘निरात्म’ असलं काहीतरी घडवत बसाल.

अडचणी आहेतच. जैन परिभाषेत ‘जीव’ला ठरलेला अर्थ आहे आणि बोलण्यात ‘जीव’ म्हणजे प्राणीसुद्धा. म्हणून प्रस्तावनेत ग्रीक शब्द देवनागरीत एकदा द्या, आपला अर्थ सांगा आणि पुस्तकभर तोच प्रतिशब्द ठेवा. मध्येच ‘चैतन्य’, ‘प्राण’ असा पालट केलात तर युक्तिवादाचा धागा सुटेल. ‘नूस’, म्हणजे विचार करणारी शक्ती, मात्र वेगळा ठेवा. ४१३बी२४च्या पुढे ॲरिस्टॉटल म्हणतो की हा जीवाचा निराळाच प्रकार दिसतो आणि तेवढाच वेगळा होऊ शकतो. तिथे ‘बुद्धी’ लिहा.